पासवर्ड कुणाला सांगू नका, फक्त खिडकीवर सांगा

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरला सात वर्षं सपोर्टचं काम केलं. तिथे लॅबच्या दारावर एक पोस्टर होतं, कुलपाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरात "आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका". त्या पोस्टरच्या बरोब्बर शेजारी आमची खिडकी. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली की खिडकीशी रांग लागायची, कुणाचं पेमेंट अडकलेलं, कुणाचा फोटो अपलोड होत नाही, आणि आत बसलेला आमचा ऑपरेटर प्रत्येकाला म्हणायचा, "पासवर्ड सांग, बघतो मी करून". पोरं सांगायची. रांगेत उभं राहून, मोठ्याने, स्पेलिंगसकट. मी पण विचारलेत, खोटं कशाला बोलू. पोराच्या अकाउंटमधे नेमकं काय अडलंय ते आमच्या लॉगिनमधून दिसायची सोयच त्या सॉफ्टवेअरमधे नव्हती, मग करणार काय.

आता याच पोरांना वर्षातून एकदा हॉलमधे बसवून सायबर सुरक्षेवर तासाभराचं व्याख्यान द्यायचे. काळजी घ्या, सावध रहा, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. शेवटी उपस्थितीची सही. आणि पुढे एखाद्या पोराचं अकाउंट गेलं की स्टाफरूममधे ठरलेलं वाक्य, "एवढं सांगूनही पोरांना अक्कल नाही".

माझं म्हणणं सरळ आहे. ऑनलाइन सुरक्षा हा पोरांच्या अकलेचा विषय आपण करून ठेवलाय आणि तो मुळात कॉलेजने द्यायच्या सेवेचा विषय आहे. जिन्याला कठडा नसेल आणि कुणी पडलं तर "बघून चालायचं ना" असं आपण एकदा म्हणू, फार तर दोनदा, पण दर महिन्याला कुणीतरी पडायला लागलं की कठडा कुणी बसवला नाही हेच विचारणार ना? कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षं पडणाऱ्यालाच व्याख्यान देतोय.

सुरुवात अगदी पहिल्या दिवसापासून होते. ॲडमिशन झाली की पोराला लॉगिन मिळतं. युजरनेम म्हणजे रोल नंबर आणि पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. अशा पद्धतीने अकाउंट उघडणारी कॉलेजं तुम्हाला हवी तेवढी सापडतील, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायची सक्तीसुद्धा नसते. बरं, रोल नंबर काय गुपित असतो का? तो नोटीस बोर्डवर असतो, हजेरीत असतो. आणि जन्मतारीख त्याच कॉलेजच्या वेबसाईटवर टाकलेल्या यादीत, नावाच्या पुढच्या रकान्यात. म्हणजे चावी दारालाच लटकवलीये आणि वर पाटी, चोरांपासून सावध.

ही खोड नवीन नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिसने एमआयटी या दुसऱ्या विद्यापीठाच्या मशीनवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा एक प्रोग्राम सोडला, तो मॉरिस वर्म म्हणून ओळखला जातो, आणि त्या काळच्या इंटरनेटवरची हजारो मशीन त्याने अडवली. तो पसरायच्या ज्या युक्त्या वापरायचा त्यातली एक होती पासवर्ड ओळखायची. आधी युजरनेमच पासवर्ड आहे का बघायचा, मग तेच नाव उलटं लिहून, आणि मग ४३२ शब्दांची एक छोटी यादी. फक्त ४३२. आणि तेवढ्यावर अकाउंट उघडायची. आज त्याला पस्तीसहून जास्त वर्षं होऊन गेली आणि आपण पोरांना जन्मतारखेचा पासवर्ड देतोय. त्या यादीत निदान शब्द तरी ओळखावे लागायचे हो.

आता ईमेलचं बघा, मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. फिशिंगचा, म्हणजे फसवून लॉगिन काढून घेणारा खोटा मेल कसा ओळखायचा? व्याख्यानात सांगतात, घाई करायला लावतो, धमकी देतो, अनोळखी पत्त्यावरून येतो, लिंकवर क्लिक करून लॉगिन करायला सांगतो, भाषा धेडगुजरी असते. बरोबर आहे सगळं. आता कॉलेजचा स्वतःचा मेल उघडा. विषय, अतितातडीचे. मजकूर, आज रात्री बारापर्यंत खालील लिंकवर माहिती न भरल्यास आपला प्रवेश रद्द समजण्यात येईल. पाठवणारा कुणीतरी बाहेरचा व्हेंडर, त्याचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ च्या पुढचं नाव, कुणी बापजन्मात ऐकलेलं नाही. लिंक छोटी केलेली, ती नक्की कुठे जाते कळत नाही. खाली सही नाही, फोन नंबर नाही. आणि हा मेल खरा असतो! याच्यावर क्लिक केलं नाही तर पोराचं खरंच नुकसान होतं. असे खरे मेल तुम्ही तीन वर्षं पाठवता आणि मग एक दिवस तसाच खोटा मेल येतो. पोरगं क्लिक करतं. त्याला अक्कल नाही असं कसं म्हणता, तुम्ही जे शिकवलं तेच त्याने केलं की.

हे सुधारायला पैसे लागत नाहीत. कॉलेजने एकदा ठरवून टाकायचं की आमच्या मेलमधे लॉगिनची लिंक कधीच नसेल, मेलमधे फक्त लिहू की पोर्टलवर सूचना आलीये, तुम्ही नेहमीसारखे जाऊन बघा. आणि सगळं एकाच डोमेनवरून. मग पोरांना लक्षात ठेवायचा नियम एकच उरतो आणि तो पाळता येण्यासारखा असतो. हे मी मीटिंगमधे दोनदा मांडलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की व्हेंडरची सिस्टीम तशी नाही. मग व्हेंडरला सांगा ना, पैसे तो घेतोय.

बरं, व्याख्यानं आणि ट्रेनिंगचा उपयोग किती, हे लोकांनी मोजून पाहिलंय. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतल्या १४,००० हून जास्त कर्मचाऱ्यांवर १५ महिने प्रयोग केला, २०२१ मधे तो प्रसिद्ध झाला. खोटे फिशिंग मेल पाठवायचे, क्लिक केलं की ट्रेनिंगचं पान समोर येणार. निघालं उलटंच, त्या पानाने लोक सावध तर झाले नाहीतच, पुढच्या मेलला जास्त फसले. २०२५ मधे अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठाच्या आरोग्य विभागातला अभ्यास आला, साधारण १९,५०० कर्मचारी, आठ महिने, आणि ट्रेनिंग मिळालेल्या आणि न मिळालेल्या लोकांमधला फरक निघाला १.७ टक्के. ही पगारी, अनुभवी माणसं आहेत, पहिल्या वर्षाची पोरं नाहीत.

पण ईटीएचच्या अभ्यासात दुसरी एक गोष्ट निघाली तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्यांनी कर्मचाऱ्यांना मेलमधे एक बटण दिलं होतं, मेल संशयास्पद वाटला की दाबायचं. ते बटण लोक दाबत राहिले, महिनोन्महिने, कंटाळले नाहीत, आणि खोटा मेल आल्यावर थोड्याच वेळात कुणा ना कुणाकडून खबर यायची. म्हणजे प्रत्येक माणूस प्रत्येक वेळी हुशार असायची गरज नाही, एवढ्या लोकात चार जणांनी ओळखलं आणि त्यांना ते सांगायची सोय असली तरी पुष्कळ. आपल्याकडे नेमकी ती सोय नाही. चार जण ओळखतात, एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवून हसतात, आणि सेंटरला कुणीच कळवत नाही, कारण कळवायचं कुणाला हेच माहीत नसतं.

कळवायला माणसं का घाबरतात ते मी एकदा फार जवळून बघितलं. सोमवारी सकाळी एक मुलगी खिडकीशी आली. आधी बाकीची रांग जाऊ दिली, मग पुढे आली आणि म्हणाली, मॅडम, पासवर्ड बदलायचाय. का, तर असाच. मी म्हटलं असाच कुणी बदलत नाही, काय झालं? मग हळूहळू निघालं. गुरुवारी स्कॉलरशिपचा मेल आला होता, तिने लॉगिन केलं, पान रिकामं आलं, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे. गुरुवारीच! मग इतके दिवस का आली नाहीस, तर म्हणाली, मागच्या वेळी मैत्रिणीचं असंच झालं तेव्हा सरांनी वर्गात सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन सांगितलं होतं, हे बघा, अशा असतात मुली.

चार दिवस. तेवढ्यात तिच्या अकाउंटवरून तसाच मेल तिच्या पूर्ण वर्गाला गेला होता. मी तिचा पासवर्ड बदलून दिला, दोन समजुतीच्या गोष्टी सांगितल्या, पाठवून दिलं. झालं काम. आणि तिथे मी चुकले. आठवड्याने ती परत आली, कुणीतरी तिच्या दुसऱ्या एका साईटचा पासवर्ड रीसेट करून आत शिरलं होतं. मग मी सेटिंग नीट उघडून पाहिली तर मेलमधे एक फॉरवर्डिंगचा नियम लावलेला, तिला येणारा प्रत्येक मेल गुपचूप एका बाहेरच्या पत्त्यावर जात होता. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो, हे मला माहीत असायला हवं होतं. नव्हतं. ज्यांना हे वाचून आपलं अकाउंट तपासायचंय त्यांनी तीन जागा बघा, फॉरवर्डिंग आणि फिल्टर, कुठल्या कुठल्या डिव्हाईसवर लॉगिन चालू आहे, आणि रिकव्हरीचा फोन नंबर कुणाचा आहे. पासवर्ड बदलणं हे त्यातलं चौथं काम. आता सांगा, सपोर्टला बसलेल्या बाईला जे माहीत नव्हतं ते एकोणीस वर्षांच्या पोरीला माहीत असावं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

त्या चार दिवसांचा हिशेब मोठ्या पातळीवर काय होतो ते नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने भोगलं. २०१९ च्या ऑक्टोबरमधे तिथे फिशिंग मेलमधल्या लिंकवर क्लिक झालं. तेव्हा काहीच दिसलं नाही. आत शिरलेले लोक दोन महिने शांतपणे फिरत राहिले, सर्व्हर शोधत राहिले, आणि २३ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. विद्यापीठाने शेवटी खंडणी म्हणून ३० बिटकॉइन दिले, तेव्हाचे साधारण दोन लाख युरो. (पुढे पोलिसांनी त्यातले काही बिटकॉइन पकडले आणि २०२२ मधे विद्यापीठाला परत मिळायची वेळ आली तोवर भाव एवढा चढला होता की पकडलेल्या तेवढ्याच हिश्शाचे पाच लाख युरो झाले होते, पण या नशिबावर कुणी धोरण आखू नये.) क्लिक झालं ही बातमी नाहीच, एवढ्या मोठ्या संस्थेत क्लिक होणारच. मधले दोन महिने कुणाला पत्ता लागला नाही हे खरं दुखणं.

त्याच डिसेंबरमधे जर्मनीत गिसेन विद्यापीठावर हल्ला झाला. त्यांनी सगळं नेटवर्क बंद केलं आणि मग ३८,००० लोकांना नवीन पासवर्ड द्यायची वेळ आली. मेल बंद, त्यामुळे मेलवर पाठवता येत नाही. मग काय केलं, ओळखपत्र घेऊन या, रांगेत उभे रहा, आणि कागदावर छापलेला पासवर्ड हातात घ्या. त्या रांगांचे फोटो जगभर फिरले, लोक हसले. मला मात्र ते फोटो बघून बरं वाटलं होतं, कारण समोर माणूस आहे, हातात त्याचं ओळखपत्र आहे, आणि त्याचाच पासवर्ड त्यालाच दिला जातोय. आमच्या खिडकीवर आम्ही उलटं करायचो, ओळखपत्र न बघता पासवर्ड विचारायचो.

या दोन्ही ठिकाणचं मला आवडलेलं म्हणजे लपवाछपवी केली नाही. मास्ट्रिख्टने तर तज्ज्ञांचा तपास अहवाल सरळ सगळ्यांपुढे मांडला, कुठे चुकलं, काय अपडेट केलं नव्हतं, सगळं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत २०१८ मधे घुसखोरी झाली होती, त्यांनीही २०१९ मधे पूर्ण अहवाल छापला आणि त्यात एक गोष्ट अशी की सुरुवातीचा मेल एका वरिष्ठ कर्मचाऱ्याकडे आला होता, आणि त्यात लिंकवर क्लिक करायचीसुद्धा गरज पडली नाही, मेल नुसता बघितला गेला आणि पासवर्ड गेला. लिंकवर क्लिक करू नका हे व्याख्यान तिथे काय कामाचं? आपल्याकडे मात्र असं काही झालं की पहिली सूचना निघते, बाहेर बोलू नका. कॉलेजची बदनामी होईल. मग शेजारच्या कॉलेजमधे महिन्याभराने तेच होतं.

आता दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला या नियमाबद्दल थोडं. हा नियम अजून किती ठिकाणी आहे बघा, आणि लोक काय करतात तेही बघा, शेवटचा १ असेल तर २ करतात. २०१० मधे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्याच विद्यापीठातली ७,७०० वर जुनी अकाउंट घेतली आणि जुना पासवर्ड हाती असला तर नवा ओळखता येतो का ते तपासलं. १७ टक्के अकाउंटमधे पाच प्रयत्नांच्या आत. म्हणजे बँकेच्या मशीनसारखं तीन वेळा चुकल्यावर कुलूप लागायची व्यवस्था असली तरीसुद्धा काहीजण जाणारच. २००३ मधे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी पासवर्डचे असे नियम लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मधे स्वतःच सांगितलं की आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतोय. त्याच वर्षी एनआयएसटीने नियम बदलले, पासवर्ड गेल्याचा पुरावा असल्याशिवाय उगाच बदलायला लावू नका, लांब ठेवू द्या. लिहिणाऱ्याने नियम सोडला, आपण धरून बसलोय.

त्यापेक्षा दुसरी पायरी लावा. पासवर्डनंतर ओटीपी, किंवा ॲप, किंवा पासकी (फोनच्या लॉकनेच लॉगिन करायची सोय), किंवा पेनड्राईव्हसारखी ती छोटी सिक्युरिटी की. गुगलने २०१८ मधे सांगितलं होतं की ८५,००० च्या वर कर्मचाऱ्यांना अशी की सक्तीची केल्यापासून एकाचंही कामाचं अकाउंट फिशिंगने गेलं नाही. तिथली माणसं काही देवमाणसं नाहीत, क्लिक तीही करत असतील, पण ती सिक्युरिटी की खोट्या साईटला उत्तरच देत नाही. माणसाने फसलं तरी चालतं अशी व्यवस्था, कठडा म्हणते तो हा. ओटीपीत ही गोष्ट नाही, खोट्या साईटवर माणूस ओटीपीही टाकून मोकळा होतो, तरी काहीच नसण्यापेक्षा ओटीपी बरा. यावर नेहमीचा आक्षेप, सगळ्यांकडे स्मार्टफोन नसतो. खरंय, नसतो. मग ज्याच्याकडे नाही त्याला लायब्ररीच्या कार्डासारखी सिक्युरिटी की द्या आणि शेवटच्या वर्षी परत घ्या. दहा टक्क्यांची अडचण म्हणून नव्वद टक्क्यांना उघडं ठेवायचं, यात मला तरी विद्यार्थीहित दिसत नाही.

आणि प्लीज, हे आधी प्राध्यापकांना आणि ऑफिसला लावा. पोरांच्या अकाउंटमधे असून असून काय असतं, असाइनमेंट. मार्कांची एन्ट्री ज्या लॉगिनने होते त्याचा पासवर्ड विभागातल्या चार जणांना माहीत असतो, पाचव्याला तो मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवरून कळतो, आणि रिटायर होऊन तीन वर्षं झालेल्या सरांचं अकाउंट अजून चालू असतं. मी एकदा वर्गातल्या प्रोजेक्टरच्या पीसीवर गेले तर ब्राउझरमधे तीन वेगवेगळ्या सरांचे मेल उघडे, लॉगआउट कुणीच केलेलं नाही, आणि समोर साठ पोरं. त्या पोरांनी काही केलं नाही हा त्यांचा चांगुलपणा. सायबर सुरक्षेच्या व्याख्यानाला या सरांना कधी बसवलेलं मी पाहिलं नाही.

वायफायचीही एक गंमत. कॉलेजच्या वायफायला फोन जोडताना सर्टिफिकेट तपासायचं का असा पर्याय येतो. तो तपासला तर फोनला कळतं की समोरचं नेटवर्क खरंच कॉलेजचं आहे, नाही तपासला तर कुणीही त्याच नावाचा हॉटस्पॉट उभा करून फोन काय पाठवतोय ते ऐकू शकतो. आणि आमच्याच सेंटरने छापलेल्या माहितीपत्रकात लिहिलेलं, तपासू नका हा पर्याय निवडा. का, तर त्याने लवकर जोडलं जातं, तक्रारी कमी येतात. अँड्रॉईडने पुढे तो पर्यायच काढायला घेतला तेव्हा आमच्याकडे बोंबाबोंब, नवीन फोन जोडले जात नाहीत! फोनवाल्याने कठडा बसवला आणि आम्ही तक्रार केली की जिना अरुंद झाला.

शिवाय अर्धं इंटरनेट ब्लॉक करून ठेवायचं. सुरक्षेसाठी म्हणे. पोरं काय गप्प बसतात का, ब्लॉक चुकवायला फुकटचं कुठलं तरी व्हीपीएन ॲप टाकतात आणि मग त्यांचं सगळं ट्रॅफिक कुणा अनोळखी कंपनीच्या सर्व्हरमधून जायला लागतं. ब्लॉक करून आपण पोरांना जास्त धोक्याच्या गल्लीत ढकलतो हे कुणी मान्य करत नाही, कारण ब्लॉक केलेल्या साईटची यादी अहवालात छान दिसते.

आता जे सगळ्यात जास्त टोचतं ते. ऑनलाइन सुरक्षा म्हटलं की आपण हॅकर, हॅकर करतो, पण मुलींना त्रास होतो तो बहुतेक वेळा कॉलेजनेच वाटलेल्या माहितीतून. कार्यक्रमाच्या नोंदणीचा फॉर्म काढायचा, त्यात नाव, फोन, पत्ता, फोटो, आणि सेटिंग अशी की उत्तरं कुणालाही दिसतील. शंभर दीडशे जणांचा ग्रुप करायचा, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना. निवड यादी एक्सेलमधे वेबसाईटवर, आणि गरज फक्त रोल नंबर आणि निकाल एवढीच असताना त्यात फोन नंबरचा रकाना तसाच. मग रात्री अनोळखी नंबरवरून मेसेज सुरू होतात, मुलगी तक्रार करते, आणि तिला सांगतात, नंबर बदलून टाक. नंबर तिने दिला होता तो कॉलेजला, गावाला नाही. फॉर्म काढणाऱ्याने फक्त एवढं विचारायचं की ही माहिती मला खरंच हवी का आणि काम झाल्यावर मी ती कधी पुसणार. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जात नाही.

फोटो बनवून, बदलून धमक्या द्यायचे प्रकार आता कुणालाही जमतात, त्याबद्दल एक उपयोगाचं सांगते कारण हे व्याख्यानात सांगत नाहीत. असे खाजगी फोटो ऑनलाइन पसरू नयेत म्हणून स्टॉपएनसीआयआय (StopNCII) नावाची सेवा २०२१ च्या डिसेंबरपासून चालू आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. फोटो तिकडे पाठवायचा नसतो, तुमच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो, फक्त तो ठसा जातो, आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो ठसा जुळणारे फोटो अडवतात. बनवलेल्या फोटोंनाही चालतं. हे प्रत्येक हॉस्टेलच्या बोर्डवर असायला हवं. असतं काय, रात्री नऊनंतर मोबाईल वापरू नये.

सुरक्षेच्या नावाखाली पाळत ठेवायची हौस हा वेगळा लेख होईल. एवढंच सांगते, अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने ऑनलाइन परीक्षेआधी विद्यार्थ्याला कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावली होती, तो विद्यार्थी कोर्टात गेला, आणि २०२२ मधे कोर्टाने सांगितलं की ही घराची झडती झाली, घटनेत बसत नाही. पोरांच्या बेडरूममधे बघायला बजेट निघतं आणि त्यांचं मेल सुरक्षित ठेवायला निघत नाही.

बजेटचा मुद्दा येणारच, तर येऊ दे. छोट्या कॉलेजकडे पैसे नसतात हे मला बाहेरच्यापेक्षा जास्त माहीत आहे, आमच्याकडे बॅकअपची डिस्क मागायला मी आठ महिने पत्रं लिहिली होती. पण अमेरिकेतल्याच लिंकन कॉलेजचं उदाहरण बघा, १८६५ चं कॉलेज, २०२१ च्या डिसेंबरमधे रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला झाला, प्रवेशाची सगळी माहिती अडकली, मार्च उजाडला सिस्टीम परत यायला, आणि तेव्हा कळलं की पुढच्या वर्षाचे प्रवेश किती घटलेत. कोविडने आधीच कंबर मोडली होती, तेही कारण होतंच, पण मे २०२२ मधे १५७ वर्षांचं कॉलेज बंद झालं. डिस्क स्वस्त पडते. आणि मी वर जे जे लिहिलं, जन्मतारखेचा पासवर्ड बंद, मेलमधे लिंक बंद, नोकरी सोडून गेलेल्या माणसांची अकाउंट बंद, यादीतले फालतू रकाने बंद, त्यातल्या अर्ध्याला एक दमडी लागत नाही. एका माणसाने जबाबदारी घ्यावी लागते, आणि ती कुणी घेत नाही कारण व्याख्यान ठेवलं की जबाबदारी पोरांकडे जाते.

त्या मुलीनंतर मी हट्ट धरला की दारावरचं पोस्टर काढा आणि तिथे फक्त दोन ओळी लावा, चुकून क्लिक झालं तर लगेच सांगा, कुणी ओरडणार नाही, आणि खाली नंबर. मंजुरीला दोन टर्म गेल्या. ओरडणार नाही हे वाक्य समितीने काढलं, शिस्तीला बाधा येते म्हणून. शेवटी पोस्टर लागलं, रंगीत, कॉलेजच्या लोगोसकट, तेच कुलपाचं चित्र, आणि खाली सेंटरचा लँडलाईन नंबर. साडेपाचला आम्ही शटर ओढून घरी जायचो, आणि फोन आत वाजत असायचा.